भोयरबाई आणि एक आवाज

आमच्या लाकूड आगारात ट्रक मागे घ्यायचा असला की ड्रायव्हर सोडून सगळे तो ट्रक चालवायचे.

आगार अहेरीच्या अलीकडे, रस्त्याला लागून. जंगलातून तोडून आणलेलं सागवान इथे येतं, त्याच्या थप्प्या लागतात, लिलाव होतो आणि मग ते ट्रकवर चढून कुणाकुणाच्या दिवाणखान्यात जाऊन बसतं. मी तिथला बाबू. तिथे मी इतका काळ काढला की माझ्या खुर्चीचे दोन पाय वाळवीनं खाल्ले आणि उरलेले दोन माझ्या आधी सेवानिवृत्त झाले.

तर ट्रक. ट्रक मागे सरकायला लागला की "आन दे, आन दे, आन दे" सुरू. टोळीतले हमाल म्हणायचे, चौकीदार म्हणायचा, चहावाला किटली हलवत म्हणायचा, लिलावाला आलेल्या व्यापाऱ्याचा साळाही म्हणायचा. एकदा तर रस्त्याकडेला झाडामागं लघवीला उभा राहिलेला अनोळखी मोटरसायकलवाला मान वळवून, मोकळ्या हातानं खूण करत ओरडला, "डावीकडे तोड, डावीकडे!" ट्रकशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण आपल्याकडे समोर ट्रक मागे येतो आहे आणि माणूस गप्प उभा आहे असं दिसलं, तर लोक त्याला दवाखान्यात नेतात.

ओंडका चढवताना तर विचारूच नका. पद्धत अशी की ट्रकला दोन मोठ्या बल्ल्या, म्हणजे जाड लाकडी वासे, तिरप्या टेकवायच्या आणि टोळीनं दोरानं ओढत, सबलीनं, म्हणजे पहारीनं, ढकलत ओंडका त्यावरून गडगडत वर चढवायचा. दोन्ही टोकं एकाच वेळी वर गेली पाहिजेत. एक टोक पुढे गेलं आणि दुसरं थांबलं की ओंडका आडवा होतो, आणि आडवा झालेला ओंडका खाली कोण उभा आहे ते पाहत नाही. म्हणून टोळीचा मुकादम हुकूम देतो. आमचा मुकादम मलय्या. त्याचा आवाज असा की त्यानं आगारात हाक मारली तर प्राणहिता नदीपलीकडे तेलंगणातली माणसं हातातलं काम टाकून "एमिटी?", म्हणजे "काय?", म्हणून ओ द्यायची. पण ह्या आवाजावर आणखी वीस आवाज चढलेले असायचे. आणि मलय्या नुसता हुकूम थोडाच द्यायचा! "ओढा रे, ओढा, तुमच्या बापानं कधी ओढला होता काय, ए चहावाल्या साखर कमी टाक, ओढा, काल बाजारात कोंबडा पाह्यला मी, असा कोंबडा, थांब बे!" ह्यातला हुकूम कुठला आणि कोंबडा कुठला हे ज्यानं त्यानं आपापल्या अनुभवानं ठरवायचं.

असंच एकदा मलय्या "थांबा" म्हणाला आणि त्याच वेळी ट्रकचा ड्रायव्हर केबिनमधून ओरडला, "ओढा!" अर्धी टोळी थांबली, अर्ध्यांनी ओढलं. ओंडका आडवा झाला आणि मलय्याचा धाकटा भाऊ राजन्ना ह्याच्या पायावर येऊन थांबला. पाय वाचला, पण पायाचं काम गेलं. राजन्ना त्यानंतर कुबडी घेऊन आगाराच्या फाटकाशी बसू लागला आणि मलय्या त्या ड्रायव्हरशी बोलेनासा झाला. वरून निरोप आला: आणखी एक अपघात झाला की लादणीचं काम बाहेरच्या ठेकेदाराच्या क्रेनला. म्हणजे टोळीतल्या घरोघरच्या चुली बंद.

मग सुधारणांना ऊत आला.

पहिल्या साहेबांनी परिपत्रक काढलं. "लादणीच्या वेळी अनावश्यक बोलू नये." ते मोहाच्या झाडाला चिकटवलं. चौकीदाराच्या बकरीनं ते खालच्या "प्रतिलिपी माहितीस्तव"पर्यंत खाऊन टाकलं. ते परिपत्रक पूर्ण पचवणारी आमच्या आगारात ती एकटीच.

दुसऱ्या साहेबांनी मलय्याला शिट्टी दिली. बाकीच्यांना वाईट वाटलं. आम्ही काय मेलो होतो? साहेब मनाचे मऊ. त्यांनी सगळ्यांना शिट्ट्या वाटल्या. पहिल्याच दिवशी शेजारच्या गावची शाळा मधल्या सुट्टीआधी सुटली, रस्त्यावरची एसटी जागच्या जागी थांबली आणि लग्नाला निघालेली एक वरात वाट चुकून आगारात शिरली.

तिसऱ्या साहेबांनी पुण्याहून प्रशिक्षक बोलावला. विषय "संवादातून परिवर्तन". तो भिंतीवर चित्रं दाखवणार होता, पण वीज गेली. मग तो तोंडीच बोलला. ऐकणं ही किती मोठी कला आहे ह्यावर तो जेवणाच्या वेळेपर्यंत बोलला, जेवणानंतरही बोलला, आणि मधे कुणी हात वर केला की "प्रश्न शेवटी" म्हणाला. मलय्या माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाबूजी, हा आयका आयका म्हणते, पण सोताचं तोंड बंदच नाई करत ना जी."

आणि मग भोयरबाई आल्या.

बाई आमच्या आगारप्रमुख म्हणून पोंभुर्ण्याकडून बदलून आल्या. ठेंगण्या, सुती साडी, साडीखाली कापडी बूट. आवाज इतका हळू की त्या फोनवर बोलू लागल्या की समोरचा आपल्या फोनला काय झालं म्हणून तो झटकायला लागायचा. पहिल्या दिवशी आम्ही सगळे ताठ उभे. आता बाई काहीतरी सुरू करणार. नवा साहेब काही सुरू केल्याशिवाय राहतो का? बाईंनी लादणीच्या जागेजवळ खुर्ची टाकली, पिशवीतून दोन दगड काढले आणि चारोळ्या फोडायला बसल्या. जंगलातून आलेली चारोळी म्हणजे मसुराएवढी टणक बी. दगडावर ठेवायची, वरून बेतानं मारायचं, आतला दाणा अख्खा निघाला पाहिजे. जोर जास्त झाला की पीठ, कमी झाला की बी उडून पसार. बाई फोडायच्या, दाणा डबीत टाकायच्या आणि समोर बघायच्या. बोलायच्या काही नाहीत.

असेच दिवस गेले. टोळीनं त्यांच्यासमोर खूप आरडाओरडा करून पाहिला. दोघांतिघांनी त्यांनाही हुकूम दिले, "बाई, खुर्ची थोडी तिकडं घ्या, अजून, अजून, बस!" बाईंनी खुर्ची सरकवली आणि पुढची चारोळी घेतली.

मलय्या हादरला. "बाबूजी, ह्या बाई काही बोलत काऊन नाई? मले जेवण जाऊन नाई राह्यलं."

"बरं आहे ना मग."

"काय बरं? साहेब शिव्या देते तं समजते का साहेब हाय. ह्या तं पाहूनच राह्यल्या. आपल्याच अंगात काही खोट हाय असं वाटते ना जी."

बाईंचं वाट पाहणं हे काय प्रकरण होतं ते ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. त्या वाट पाहायला बसल्या की उभ्या सागाला खोडात एक वर्तुळ जास्त यायचं. माझ्या टेबलातली वाळवी कंटाळून दुसऱ्या खात्यात बदलून गेली. लिलावात खोट काढायला आलेला एक व्यापारी बाईंसमोर बसून तावातावानं बोलला, दमला, पाणी प्यायला, पुन्हा बोलला, आणि शेवटी स्वतःच म्हणाला, "तसा माल काही वाईट नाही." बाईंनी फक्त "हं" म्हटलं होतं, आणि तेही चारोळीला असावं असा माझा संशय आहे.

मग एके सकाळी बाईंनी सगळ्यांना मोहाखाली बसवलं. टोळी, चौकीदार, ट्रकवाले, चहावाला, कुबडीसकट राजन्ना. आणि विचारलं, "राजन्नाच्या पायावर लाकूड आलं, तवा कोनी काय म्हटलं होतं?"

झालं! बाजार भरला. जो तो दुसऱ्याचं सांगू लागला. बाई थांबल्या. त्या अशा थांबल्या की हळूहळू एकेक आवाज तेल संपल्यासारखा विझत गेला. आगारात शांतता झाली. तसली शांतता आमच्याकडे कुणी ऐकलीच नव्हती, फाटकावरचा दुसरा चौकीदार घाबरून धावत आला, "काय झालं? कोन गेलं?"

तेव्हा बाईंनी आपला नियम सांगितला. एकानं बोलायचं. दुसऱ्याला बोलायचं असलं तर त्यानं आधी पहिल्यानं काय म्हटलं ते सांगायचं, पहिला "हो, असंच म्हटलं मी" म्हणेपर्यंत. मगच आपलं. "आधी त्याचं सांगा, मग तुमचं सांगा." बस. एवढंच.

त्या दिवशीचा ड्रायव्हर उठला. म्हणाला, आरशात मुकादम दिसत नव्हता, इंजिन सुरू होतं, मागं नुसता कल्ला. ओंडका वर आला असं वाटलं म्हणून ओढा म्हटलं.

मलय्या उसळला. "खोटं बोलून राह्यला हा!"

"हे तुमचं झालं, मलय्याभाऊ. त्याचं सांगा."

"त्याचं काय सांगू? त्यानं माझ्या भावाचा..."

"हेही तुमचंच."

त्या दिवशी एकही ओंडका चढला नाही. दुसऱ्या दिवशीही मोहाखाली तेच. मलय्या सांगायला घ्यायचा, मधेच त्याचं स्वतःचं बाहेर पडायचं, बाई म्हणायच्या, "पुन्हा." वरून फोन आला, लादणी किती झाली? बाई शांतपणे म्हणाल्या, "बोलनं सुरू हाय जी." पलीकडचा साहेब काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण बाईंच्या टेबलावरची डबी थरथरली.

शेवटी एका सकाळी मलय्या उभा राहिला. मान खाली. प्राणहिता ओलांडणारा तो आवाज त्या दिवशी मोहाच्या सावलीबाहेर गेला नाही. "ह्यानं म्हटलं का... का मी याले आरशात दिसलो नाई. माझा आवाज याले आयकू आला नाई. लय जन ओरडून राह्यले होते. त्याच्यात मीबी कोंबड्याचं काहीतरी बोलून राह्यलो होतो. याले वाटलं लाकूड वर आलं. म्हनून यानं ओढा म्हटलं."

"हो," ड्रायव्हर म्हणाला. "असंच म्हटलं मी."

"आता तुमचं सांगा," बाई म्हणाल्या.

मलय्यानं राजन्नाकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझं काही नाई जी," आणि बसला. राजन्नानं कुबडीनंच त्याच्या पाठीला ढोसलं. त्या घराण्यात हेच लाड.

त्यानंतर ठरलं. लादणीच्या वेळी एकच आवाज, मलय्याचा, आणि त्यालाही तीनच शब्द: ओढा, थांबा, उतरवा. दुसरा कुठलाही आवाज झाला, कुणाचाही, कसलाही, तर ओंडका खाली उतरवायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. हे बाईंनी सांगितलं नाही. मोहाखाली रोज आधी त्याचं, मग तुझं करत करत टोळीनंच शोधलं, आणि बाई इतक्या सावकाश "हं" म्हणाल्या की ते आपलंच डोकं असं प्रत्येकाला आजही वाटतं.

सुरुवातीला फार ओंडके खाली गेले. चहावाला "चाय" म्हणाला, ओंडका खाली. व्यापारी खोकला, ओंडका खाली. चौकीदाराची बकरी बें करून गेली, ओंडका खाली. टोळीनं बकरीकडे असं पाहिलं की ती चार दिवस रवंथसुद्धा पाठ फिरवून करत होती. सगळ्यांत हाल मलय्याचे. तीन शब्दांत मावणारा माणूस नव्हेच तो. न बोललेलं सगळं पोटात साठून त्याचं पोट टम्म व्हायचं. बाईंनी त्यावरही इलाज काढला. "लाकूड वर गेलं का मग बोला, मलय्याभाऊ. कितीबी. मी आयकते." आणि ओंडका ट्रकवर पडला रे पडला की मलय्या बाईंच्या खुर्चीशी येऊन सुरू व्हायचा. कोंबडे, जावई, सिरोंच्याची मिरची, सासऱ्याचा बैल, सगळं. बाई चारोळ्या फोडत ऐकायच्या. खरंच ऐकायच्या, बैलाचं नाव लक्षात ठेवायच्या. मी शेजारीच लादणीची नोंद घेत बसायचो, माझा डावा कान त्या हंगामात कामावरून गेला.

नियम आगारापुरता राहिला नाही. टोळीतल्या एकानं घरी बायकोशी भांडताना तोच लावला. आता भांडायला आधी बायकोचं पूर्ण सांगायचं, तिनं "हो" म्हणायचं, मग आपलं, मग तिनं ह्याचं पूर्ण सांगायचं. भांडण सकाळी सुरू केलं तर दिवेलागणीला अर्ध्यावर यायचं. लोकांना कामं असतात. त्याचं पाहून सगळ्या गावानं तेच धरलं आणि भांडणंच परवडेनाशी झाली. तंटे मिटवणारा म्हातारा पाटील बाईंकडे तक्रार घेऊन आला. बाईंनी त्याचं सगळं त्यालाच परत सांगितलं. तो "हो, असंच" म्हणून चहा पिऊन गेला.

पण वरच्यांना हे कुठलं दिसायला! त्यांना दिसत होतं की लादणी मंदावली आहे. एक दिवस मोठे साहेब आले. सोबत क्रेनचा ठेकेदार. साहेबांचे बूट असे चकाकत होते की त्यात पाहून मैना भांग पाडून गेल्या. आज बघायचं आणि आजच ठरवायचं, असं त्यांनी गाडीतून उतरतानाच सांगितलं. बाई म्हणाल्या, "पाहा जी. फक्त तिकडे उभं ऱ्हा, आन बोलू नका." साहेब हसले. न बोलण्यासाठी कुणी मोठा साहेब होत नाही.

त्या दिवशी चढवायचा ओंडका थप्पीतला सगळ्यांत दांडगा. मलय्या "ओढा" म्हणाला. ओंडका बल्ल्यांवर चढू लागला. आवाज नाही. दोराची करकर, माणसांचा श्वास. साहेब पाहता पाहता दोन पावलं पुढे, आणखी पुढे, बल्लीच्या पायथ्याशी. ओंडका अर्ध्यावर आला आणि साहेबांना राहवलं नाही.

"अरे ओढा! इकडून ओढा! घाबरता काय, लावा जोर!"

मलय्याचा हात वर. "थांबा."

"थांबा काय? मी सांगतो ओढा!"

"उतरवा."

टोळीनं साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. दोर हळूहळू सैल होत गेले, ओंडका इंच इंच खाली. साहेब लाल. "हा आदेशाचा भंग आहे! मॅडम, हा माणूस कोणाचं ऐकतो?"

बाई खुर्चीवरून उठल्या, साहेबांना हाताला धरून बाजूला घेतलं आणि आपल्या त्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, मलय्याभाऊनं काय म्हटलं ते आधी सांगा. मग तुमचं सांगा."

आगारातल्या चिमण्यासुद्धा थांबल्या. साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळे वाट पाहत होते. वाट पाहणं हे आता अख्ख्या आगाराला येत होतं.

"उतरवा म्हणाला," साहेब म्हणाले.

"काऊन म्हटलं?"

"मला काय माहीत!"

मलय्यानं डावीकडच्या बल्लीकडे बोट दाखवलं. "बल्ली कुरकुरली जी. आतून फाटून राह्यली होती." तेवढ्यात ओंडका जमिनीला टेकता टेकता त्याच्या शेवटच्या दाबानं डावी बल्ली मधोमध कडाड मोडून, थोड्या वेळापूर्वी साहेबांचे बूट जिथे चमकत होते नेमकी तिथे येऊन पडली. वीस आवाज असताना बल्ली कुरकुरत नव्हती असं नाही. तेव्हाही ती बिचारी सांगत असेलच. तिचं आधी कोण सांगणार?

क्रेनचा ठेकेदार मोडक्या बल्लीकडे, मग मलय्याकडे पाहून म्हणाला, "साहेब, माझ्या क्रेनवाल्याच्या कानात दिवसभर गाणी असतात." असला प्रामाणिकपणा त्याला धंद्यात पुढे नडला असणार. लादणी टोळीकडे राहिली. साहेबांनी शेरा उत्तम मारला.

आणि बाईंची बदली झाली. आमच्या खात्यात बक्षीस आणि शिक्षा एकाच पाकिटात येतात. चार माणसांत ज्याला दुसऱ्याचं म्हणणं परत सांगावं लागलं, तो साहेब विसरत नाही. बाईंना दूरच्या शहरातल्या प्रशिक्षण केंद्रावर नेमलं, अधिकाऱ्यांना संवाद शिकवायला. भिंतीवर चित्रं दाखवून. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलायचं. आम्ही चिडलो, बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "पाहू. त्यायचं बोलनं संपेपर्यंत थांबीन."

निघायच्या दिवशी खात्याची जीप फाटकाशी उभी. लादणी चालू होती. बाईंनीच सांगितलं होतं, काम थांबवू नका. बाई पिशवी घेऊन लादणीच्या जागेवरून निघाल्या. ओंडका बल्ल्यांवर अर्धा चढलेला. टोळीच्या पाठी तणावलेल्या. बाई क्षणभर थांबल्या आणि त्यांच्या तोंडून अगदी हळू निघून गेलं, "येते जी, मंडळी."

पूर्वीच्या आगारात हे शब्द त्यांच्या स्वतःच्या पदराला ऐकू गेले नसते. आता सगळ्यांना ऐकू गेले.

मलय्याचा हात वर गेला. "थांबा. उतरवा."

ओंडका खाली आला.

बाई गोंधळल्या. "अवो, मी काही सांगत नव्हती ना. नुसती जाते म्हनत होती."

"दोन आवाज झाले, बाई," मलय्या म्हणाला.

बाईंनी पदर तोंडाशी नेला आणि होत्या तिथेच उभ्या राहिल्या. मलय्यानं ओंडक्याखालची पाचर पाहिली, दोर पाहिले, बल्ल्यांना कान लावला. "ओढा." ओंडका पुन्हा पहिल्यापासून चढला, वर गेला आणि ट्रकमध्ये धप्प पडला. मग बाई एका लहान ओंडक्यावर बसल्या. "बोला, मलय्याभाऊ. मी आयकते."

मलय्यानं तोंड उघडलं. हात वर नेला, खाली आणला. कोंबडा, जावई, बैल, काहीही आलं नाही. तो तसाच त्यांच्यासमोर उभा राहिला आणि टोळी दोर हातात घेऊन त्याच्यामागं.

मला कचेरीत फोन आला म्हणून मी आत गेलो. खिडकीतून पाहिलं तेव्हा बाई हनुवटीला हात लावून, जरा पुढे वाकून, त्याच्याकडे पाहत तशाच बसलेल्या होत्या. जीपवाला हॉर्नवर हात ठेवून होता, पण दाबत नव्हता.